गेटाच्या आतलं पाणी

आम्ही दिल्लीला निघालो त्या दिवशी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर आई मला पोचवायला आली नव्हती. ती मामाकडे चालली होती, असं तिचं म्हणणं. मामाचं घर पांढुर्ण्यात आहे हे खरं, पण त्या घराचा रस्ता काही प्लॅटफॉर्मवरून जात नाही. मोहगावहून बस बदलत आलेली ही बाई नळाच्या आडोशाला उभी राहिली, गाडी शिरल्यावर लगबगीनं पुढं आली, पेपरात गुंडाळलेल्या पुऱ्या माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाली, "पाणी कमी पिजो वं. गाडीतल्या संडासाचा भरोसा नाही." झालं. सुखी राहा नाही, पोचल्यावर फोन कर नाही. माझ्या शेजारी बॅगा धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिनं पाहिलं की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते, तरी.

मोहगावचे जे कोणी हे वाचून राहिले असतील त्यांना सगळं ठाऊकच आहे. बाकीच्यांसाठी सांगते. आमचं घर संत्र्याच्या बागेचं आणि कपाशीचं. माझा नवरा सुधीर सौसरच्या बौद्ध वस्तीतला, वडील नगरपालिकेत नोकरीला. आम्ही कोर्टात लग्न केलं. तेव्हा बाबांनी अंगणात चार नातेवाईक बसवले आणि सगळ्यांच्या देखत आईकडून वदवून घेतलं, की पोरीच्या घरी पाय ठेवणार नाही आणि तिच्या घरचं पाणी पिणार नाही. जेवणाचं कोणी काढलं नाही, पाण्याचंच काढलं. काहून, ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सुधीरला तर नाहीच नाही.

दिल्लीत आलो. माझा स्वभाव मुळातच संशयी, त्यात हे शहर. घरमालक हसला तरी मनात पाल चुकचुकायची. मेट्रोत पहिल्यांदा बसले तेव्हा गेटवर कार्ड टेकवायला हात होईना. म्हटलं, हे यंत्र आत घेईल आणि बाहेर सोडणार नाही. आणि आईचं बोलणं असं अंगात मुरलेलं, की कामावर जाताना कितीतरी महिने मी घोटभर पाणी पीत नव्हते. आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला नको. प्रवास म्हटला की सकाळपासून तोंड कोरडं. स्टँडवर कुठं जायचं? पुरुषांना अख्खी भिंत मोकळी. बाईनं पोट दाबून बसायचं आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायचं. इथं मेट्रोच्या स्टेशनात, गेटाच्या आत, बायकांसाठी चांगलं स्वच्छ बाथरूम निघालं तेव्हा मला आधी आनंद झाला नाही. मी आधी वर पाहिलं, कॅमेरा आहे का म्हणून.

मग बाबा गेले. मला मातीला बोलावलं नाही. भावाची नोकरी इकडेच दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला लागलेली, त्यानं बाग बटईनं दुसऱ्याला कसायला दिली आणि आईला घेऊन आला. म्हणजे आई माझ्याच शहरात. आणि तरी मोहगावात होती त्याहून दूर, कारण आता न भेटण्याला अंतराचं निमित्तही उरलं नव्हतं.

फोन तिनंच केला. "तुह्या घरी येणं होत नाही बाई, जबान देल्ली आहे. अन् तू इकडं आली तर तुहा भाऊ घर डोक्यावर घेईन." मी म्हटलं, आई, एक जागा आहे. भावाकडची लाइन आणि माझ्याकडची लाइन एका स्टेशनात मिळतात. (स्टेशनाचं नाव मी लिहिणार नाही. भावाला वाचायची सवय नाही, पण सांगता येत नाही.) तिथं गाडी बदलायला वेगळं तिकीट लागत नाही. एकदा आत शिरलं की गेटाच्या बाहेर निघेपर्यंत आपण आतच. हे समजायला मला महिना लागला होता. आईला एका क्षणात समजलं. "मतलब गेटाच्या बाहेर नाही निघालं, तर मानूस कुठीच गेलं नाही?" मी म्हटलं, हव. "मंग येते. ना तुह्या घरी, ना कोनाच्या. भावानं विचारलं तं सांगीन, कुठीच नाही गेली." वकील व्हायला पाहिजे होती ती.

असं आमचं मंगळवारचं सुरू झालं. मी कामाला जाते त्या दुकानाला मंगळवारी सुट्टी. वहिनी भावाच्या नकळत तिला तिकडून बायकांच्या डब्यात बसवून द्यायची, मी इकडून जायची. बायकांच्या बाथरूमच्या समोर एक लोखंडी बाक आहे, त्यावर आम्ही बसायचो. लोक या जिन्यानं उतरतात, त्या जिन्यानं चढतात, कोणी कोणाकडे पाहत नाही. फक्त एक गार्ड पाहायचा. आत फार वेळ बसलं तर दंड लागतो म्हणतात, म्हणून तो दिसला की मी उगाच गाडीची वाट पाहत असल्यासारखी मान लांब करायची. आई मात्र निवांत. गावाकडचं सांगायची, रामाकोना गावच्या मावशीच्या गुडघ्याचं सांगायची, दिल्लीच्या संत्र्याला नावं ठेवायची. सुधीरचं नाव कधी नाही. "तुह्या घरी सगळे बरे?" एवढंच. सगळे म्हणजे कोण? आम्ही दोघंच तर होतो.

पहिल्याच मंगळवारी सुधीरनं सकाळी उठून स्टीलची बाटली घासली, पाणी उकळून गार करून भरली आणि माझ्या पिशवीत ठेवली. "म्हाताऱ्या माणसाला बाहेरचं पाणी देऊ नको," म्हणाला. दुसरं काही नाही. पण संध्याकाळी मी दारात चप्पल काढते न काढते तोच त्यानं विचारलं, "प्याल्या का?"

नव्हती प्याली. मी बाटली पुढं केली तर म्हणाली, "नोको वं, मले मंग लागते." तेच जुनं. पण आता तेच जुनं मला पटेना. स्टँडवर ठीक होतं, गाडीत ठीक होतं. इथं बाथरूम समोर आहे, हात लांबवला तर दार! मी तिला हाताला धरून आत नेलं, नळ दाखवले, साबण दाखवला, कडी लागते ते दाखवलं. ती खूश झाली. "असं आपल्याकडच्या स्टँडवर असतं, तं आमची उमर तहानेत नसती गेली." मग मी परत बाटली पुढं केली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विषय बदलला.

तिला लागते म्हणून नको, की पाणी आमच्या घरचं म्हणून नको? बस, हा किडा डोक्यात शिरला आणि घर करून बसला. सुधीरला मी सांगितलं, प्याली. तो हसला आणि पुढच्या मंगळवारी बाटली आणखी चकचकीत घासली.

पुढं एका मंगळवारी काय झालं, तिनं आपणहून बाटली मागितली. "आन इकडं. मी जाऊन येते." बाटली घेऊन बाथरूममध्ये गेली, बऱ्याच वेळानं आली. बाटली रिकामी. मी विचारलं, प्यायलीस? तर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली आणि मावशीच्या गुडघ्याकडे वळली. मग दर मंगळवारी हेच. बाटली भरलेली आत जायची, रिकामी बाहेर यायची.

मला कळायला वेळ लागला नाही. बेसिनमध्ये ओतून देते! लेकीचं मन मोडायचं नाही आणि बाबांची जबानही मोडायची नाही, म्हणून हा मधला रस्ता. आणि तिकडे माझा नवरा पाणी उकळून राहिला. रागानं माझं डोकं भणभणलं. म्हटलं, एकदा रंगेहाथ धरीन, तोंडावर विचारीन आणि हे मंगळवार बंद करून टाकीन. आई नाही तर नाही.

पुढच्या वेळी ती आत गेली तशी मी मागोमाग गेले. बेसिनपाशी ती नव्हती. आत अगदी कोपऱ्यात, शेवटच्या संडासाच्या दारापाशी, भिंतीकडे तोंड करून उभी होती. डोक्यावरून पदर ओढलेला. आणि पाणी पीत होती. वरून धार धरून नाही, बाटलीला तोंड लावून, गटागटा, एखाद्या तहानलेल्या मजुरानं प्यावं तसं. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं.

ही माझी आई! संडासातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय चुलीकडे न फिरकणारी. जेवताना कोणी त्या जागेचं नाव काढलं तर ताट सरकवणारी.

"आई, इथं काहून?"

ती दचकली. बाटली पदराखाली घातली, मग मी आहे हे पाहून श्वास सोडला. "चिल्लावू नोको. बाहेर चाल." मी हलले नाही. तेव्हा कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अवं, संडासात देव येत नाही. पितरही येत नाही. इथं पेलं तं तुह्या बाबाले कसं दिसन?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग असं रडू आलं, की मी नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिले. ती प्याली होती. सगळ्या मंगळवारांचं सगळं पाणी ती प्याली होती, आणि मी तिला चोर ठरवून बसले होते. पण सुखानं राहील तो माझा स्वभाव कसला? बाकावर येऊन बसले आणि तोंडातून गेलंच: "म्हणजे सुधीरच्या हातचं पाणी प्यायची जागा शेवटी संडासच का, आई?"

आई माझ्याकडे पाहतच राहिली. तिच्या मनात हे कधी आलंच नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "मी तसं नाही केलं वं," म्हणाली. गाडी आली, मला न सांगता उठली आणि गेली.

घरी सुधीरनं विचारलं. या वेळी मी जसं झालं तसं सगळं सांगितलं. तो बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिला. "आमच्या आजीला लोक पाणी वरून ओंजळीत वाढायचे," म्हणाला. "तुझ्या आईनं बाटलीला तोंड लावलं ना?" मी म्हटलं, हो. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

पुढच्या मंगळवारी आई आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. वहिनीचा फोन बंद. मी दोन्ही वेळा बाकावर बसून राहिले. भावाला कळलं असेल, असं वाटायचं. मग वाटायचं, भावाला कशाला मधे घालू, मीच घालवलं तिला. एवढं होऊनही सुधीर बाटली भरून द्यायचाच, आणि मी ती तशीच भरलेली परत आणायची.

तिसऱ्या मंगळवारी गाडीतून उतरले तर आई आधीच येऊन बाकावर बसलेली. माझी पिशवी तिनंच ओढली, बाटली काढली, झाकण उघडलं. मी बाथरूमकडे वळले, आत जायचं म्हणून. "बस खाली," म्हणाली. आणि तिथंच, बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, गार्डाच्या देखत, बाटलीला तोंड लावलं. प्यायच्या आधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, हे खरं आहे. सवय जाते का?

"आणि बाबा?" मी विचारलं.

"सांगून आली. फोटोसमोर बसून सांगितलं, पाहाचं असन तं पाहा. जितेपनी तुम्हाले मायी तहान दिसली नाही, आता तरी दिसू द्या." मग बाटलीकडे पाहत म्हणाली, "जवाईबापू पानी उकळते का वं? चव वेगळी लागते."

जवाईबापू. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण परत म्हणायला लावलं नाही. म्हणेल की नाही, भरवसा नव्हता.

माझं घर आता कुठलं, असं मोहगावचं कोणी विचारलं तर मी काय सांगू? मोहगावचं अंगण मला बंद आहे. माझ्या घराचा उंबरा आई अजून ओलांडत नाही. गेटाच्या बाहेर ती आलेलीच नाही, आणि येईल याची मला खात्री नाही. तोवर माझं माहेर म्हणजे बाथरूमच्या समोरचा हा एक लोखंडी बाक. हसायचं तर हसा.

बाटली संपवल्यावर जरा वेळानं आई चुळबुळ करायला लागली. "पाह्य," म्हणाली, "मी म्हनत नव्हती, मले मंग लागते?" रिकामी बाटली माझ्या मांडीवर ठेवली आणि मोकळ्या हातानं बाथरूमकडे गेली, त्या दारातून सगळ्या बायका ज्या कामाला जातात त्या कामाला.