चित्रावर टाकलेलं लुगडं

आमची सून चित्रं काढते. लग्नाआधी ती दोन वर्षं ऑस्ट्रेलियात नोकरीला होती. तिथला आतला उजाड मुलूख तिने पाहिलेला. तो ती इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या घरात बसून रंगवत होती. लाल माती, पांढुरकं आभाळ, पुढे थोडी खुरटी झुडपं. माणूस नाही, जनावर नाही.

मी म्हटलं, "यात बघायचं काय?"

"मोकळं आहे, तेच बघायचं, आई."

ती माझ्या मुलाच्या व्हिसावर आलेली, तिला नोकरीची परवानगी नाही. चार वर्षं घरात. लायब्ररीच्या प्रदर्शनात तिचं हे पहिलंच चित्र घेतलं होतं. सोमवारी चारपर्यंत पोचवायचं होतं.

चित्रातलं आभाळ वाळलं होतं, खालचा जमिनीचा आणि झुडपांचा जाड रंग ओला होता. म्हणून सोमवारी सकाळी तिने चित्र मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, उन्हात टेबलावर आडवं ठेवलं आणि आंघोळीला गेली. जूनमध्ये इथे झाडांचा कापूस उडतो. तो रंगावर बसायला लागला. कुरडया वाळत घातल्या की आम्ही वरून जुनं लुगडं टाकतो, तसं मी टाकलं. ते चिकटलं. सुनेने उचललं तेव्हा निम्मी झुडपं लुगड्यावर आली, उरलेली फरफटली.

मुलगा घरूनच काम करतो, तो काम सोडून बाहेर आला. "अगं, तिला विचारायचं ना."

"ती आंघोळीत होती."

"मग थांबायचं."

"कापूस थांबत नव्हता."

सून रडली नाही. रंगाची बोथट सुरी आणून तिने खालचा सगळा भाग खरवडला. आतला पहिला हात वर आला, फिका विटकरी. झुडपं परत काढली तर चारपर्यंत ओली राहतील, आणि ओलं चित्र लायब्ररीवाले घेत नाहीत, म्हणाली.

"आता जमीन जास्त कोरडी दिसते," मी म्हटलं.

"आई, आज तुम्ही काही बोलू नका."

चित्र वेळेत गेलं. शनिवारी आम्ही बघायला गेलो. एका गोऱ्या बाईने तिला काही विचारलं. मुलाने मला मराठीत सांगितलं, पुढची जमीन इतकी रिकामी का ठेवली, असं विचारतेय. सून म्हणाली, तिथे तसंच असतं. बाई बराच वेळ बघत राहिली.

सून दुपारभर चित्राशेजारी उभी होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. बस, म्हटलं, पाय दुखतील. ती बसली नाही.