दुसरं पांघरूण
माझा मामा घरी लॅटिनच्या शिकवण्या घेतो. लॅटिनमध्ये विशेषणाला नामाचं लिंग, वचन, विभक्ती सगळं मुकाट्यानं सोसावं लागतं आणि घरात आम्हाला मामाचं व्याख्यान. मामीनं "चावी कुठंय?" विचारलं, की चावी, बादली, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले पाहुणे आहेत, हे ऐकल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. "इटालियनमध्ये काही उसनी विशेषणं कोणासाठी बदलत नाहीत," तो म्हणायचा. "तुमच्यासारखीच," मामी म्हणायची.

गेल्या महिन्यात ताईनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, त्याला इस्पितळात बोलावलं. ती तिथं नर्स आहे. बसच्या अपघातातली एक इटालियन बाई शुद्धीवर आली होती आणि तिचं बोलणं कोणालाच कळेना. "माझ्या बाबांना येतं," ताईनं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं. मामा कडक इस्त्रीचा कोट घालून निघाला. सोबत मी.

बाई भराभर बोलायला लागली. मामानं इटालियन वाचलं होतं ढीगभर, कानानं कधी ऐकलंच नव्हतं. 'आजारी'चं स्त्रीलिंगी रूप मनात जुळवेपर्यंत ती कुठल्या कुठं पोचली. डॉक्टर बघत होते. ताई तर कौतुकानं बघत होती, तेच नडलं. मामानं घसा खाकरला. "थंडी वाजतेय म्हणते."

ताईनं लगबगीनं दुसरं पांघरूण घातलं. बाईनं ते भिरकावलं. "घ्या हो, बरं वाटेल," म्हणत ताईनं पुन्हा घातलं, तशी ती हमसून रडायला लागली. मामाचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्याची कीव आली आणि रागही, कारण तो अजून गप्पच होता. बाईनं पुन्हा पांघरूण ढकललं तेव्हा कुठं तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मला कळलं नाही. मघाशीही कळलं नव्हतं."

ताईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं फोनवर दुभाषी शोधला. बाई पहिल्यापासून एकच विचारत होती: शेजारच्या सीटवर नवरा होता, तो जिवंत आहे का?

तो वरच्याच मजल्यावर होता, पाय मोडलेला, पण व्यवस्थित बोलत होता.

संध्याकाळी घरी ताईनं यातलं काहीच काढलं नाही. फक्त मामाकडं गाडीची चावी मागितली आणि सवयीनं हात पुढं करून थांबली.

मामानं खाली बघत नुसती चावी दिली.