पापडखाराने धुतलेली फरशी

ओल्या फरशीवर कोणी चप्पल घालून चढलं की माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाईक असो नाहीतर मालकांचे व्याही असोत, मी फडकं हातात धरूनच म्हणायची, "अहो, जरा दम धरा की! पाठीमागे काय वाघ लागलाय?" धुळ्यातल्या त्या साड्यांच्या दुकानात मी नऊ वर्षं झाडलं-पुसलं आणि तोंडामुळे तीनदा तंबी खाल्ली. काढून मात्र कोणी टाकलं नाही, कारण ती फरशी माझ्याशिवाय कोणाला जमतच नव्हती. ही फुशारकी वाटली तर वाटू दे.

फरशी म्हणायचं एवढंच, खरा तो रंगीत सिमेंटचा कोबा. तेव्हा दुकानांतून मार्बल अजून आलं नव्हतं. दुकान नवीन बांधताना मालकांनी, म्हणजे भाऊंनी, मिस्त्रीपुढे चक्क एक पैठणी पसरली आणि म्हणाले, "अस्साच काठ पाहिजे." मिस्त्री भडगावकडचे, म्हातारे, सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी खरंच तसा काठ काढला. मधे डाळिंबी लाल, कडेने हिरवा पट्टा आणि त्यात पिवळ्या कोयऱ्या. वरून मेण आणि टर्पेंटाइन एकत्र करून दोन दिवस चोळलं. बायका साडी बघायच्या आधी खाली बघायच्या.

काम संपल्यावर नानांनी मला समोर बसवलं. "हे वरचं मेण आहे तोवर फरशी आहे. मेण गेलं की सिमेंट उघडं पडलं. पावडर नाही, सोडा नाही, ॲसिडचं तर नावही काढू नको. आधी कोरड्या मऊ झाडूने रेती काढ, रेती राहिली तर ओरखडे पडतात. मग साध्या पाण्यातलं फडकं, घट्ट पिळलेलं. लगेच कोरडं फडकं." मग त्यांनी बोटाने पाण्याचा एक थेंब फरशीवर सोडला. थेंब मण्यासारखा गोल उभा राहिला. "असा उभा राहतोय ना, तोवर मेण आहे. जिरला, की मला बोलव."

मला आधी हसूच आलं. घासल्याशिवाय कधी काही स्वच्छ होतं का? पण महिन्याभरात पटलं. रोज सकाळी पुसून झालं की मी चार ठिकाणी थेंब सोडून बघायची. चारही उभे राहिले की माझा दिवस चांगला जायचा, मग घरी नवऱ्याशी भांडण झालेलं का असेना.

अडचण एकच, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात. झोके, गाणी, आमरस, पुरणपोळ्या, आणि मुख्य म्हणजे चार दिवस कोणी कामाला हाक मारत नाही. पण हा सण येतो ऐन लग्नसराईत. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि भाऊ म्हणायचे, "तुझ्यासारखी पुसणारी आणून दे, मग खुशाल जा." सलग चार वर्षं मी गेले नाही. चौथ्या वर्षी आईने पारोळ्याहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या. दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून मी त्या रडत रडत खाल्ल्या.

पाचव्या वर्षी माझ्या सासूने आपणहून विषय काढला. तिला सगळे अक्का म्हणत. साठी ओलांडलेली, कामाला वाघीण, बोलणं पक्कं अहिराणी आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. म्हणाली, "तू जाय व माहेरले. फरशीले मी शे ना! फरशी पुसाले काय कलेक्टर लागस का?"

मी दोन दिवस तिला दुकानात नेऊन सगळं दाखवलं. साधं पाणी, पिळलेलं फडकं. ती मान डोलावत राहिली. भाऊ म्हणाले, "अक्का, जबाबदारी तुमची बरं का." मी पिशवी भरली आणि एसटीत बसले. माहेरी चार दिवस झोक्यावरून उतरलेच नाही म्हणा ना. इतकी खिदळले की वहिनी म्हणाली, "दुकानात हसायला बंदी आहे का गं तुम्हाला?"

परत आले ती स्टँडवरून थेट दुकानात. दारातच थबकले. डाळिंबी फरशी पांढुरकी पडली होती, उन्हात विटलेल्या लुगड्यासारखी. पिवळ्या कोयऱ्या शोधाव्या लागत होत्या. मी बोट ओलं करून थेंब सोडला. बघता बघता जिरला आणि मागे गडद डाग राहिला.

भाऊ गादीवरून उठून आले. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "नानांना निरोप धाडलाय. फरशी सुधारली तर तुझं काम राहील. पण आखाजीचं नाव पुन्हा माझ्यापुढे काढायचं नाही."

मी तणतणत घरी गेले. अक्का अंगणात कुरडया वाळत घालत होती. "काय केलंत हो तुम्ही त्या फरशीचं?" मी ओरडलेच. ती बिचारी खुशीत होती. "बठ्ठी तेलकट व्हती व! हात फिरवा तं सरकस. गरम पाणीमा पापडखार टाका नि काथ्याघाई घासं. माय व, बादलीभर मळ निंघना!"

उन्हाळ्यात पापडांसाठी आमच्याकडे पापडखार असायचाच, आणि तेलाने चिकटलेले डबेही अक्का त्यानेच, काथ्याने घासून, लखलखीत करायची. पण तो बादलीभर मळ नव्हता, नानांचं मेण होतं! मी कपाळावर हात मारून घेतला. तिला ते समजावून सांगितलं, तेव्हा ती कुरडयांच्या बाजेच्या कडेवरच टेकली. त्या दिवशी ती जेवली नाही.

सकाळी नाना आले, तर अक्का माझ्याआधी दुकानात जाऊन उभी. डोक्यावर पदर, आवाज एवढासा. "नाना, पोरनं काही करेल नही. मी करेल शे. मन्हं चुकनं."

नानांनी खाली बसून फरशीवर ओला हात फिरवला आणि बोटं एकमेकांवर चोळली. "खार अजून आत आहे. त्यावर मेण चढवलं तर पांढरं पुन्हा वर येईल. बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत साध्या पाण्याने पुसा, मग दोन दिवस वाळू द्या." मग अक्काकडे बघून म्हणाले, "घासलंय मात्र झकास! माझ्या हाताखाली असतीस तर घासायचं मशीन लागलं नसतं." भाऊसुद्धा हसले. अक्का हसली नाही.

आम्ही दोघी पुसायला बसलो. माझा राग अजून उतरला नव्हता. "साधं पाणी सांगितलं होतं ना? मग एवढं मरमर घासायची काय गरज होती?"

तिने फडकं पिळलं. मग खाली बघूनच म्हणाली, "मी म्हनं, फरशी इतली चकचकीत करसू का भाऊ खुश व्हई जाई. मंग तुले दर साल आखाजीले धाडी. माले तं मन्ही सासूनी कधी धाडं नही."

मला माझीच लाज वाटली. किती बोलले होते मी तिला! मी फडकं बादलीत टाकलं आणि म्हटलं, "उठा, चहा घेऊ आधी."

दोन दिवस वाळल्यावर नानांनी मेणाचं फडकं अक्काच्याच हातात दिलं. दुपारपर्यंत तिने ते चोळलं, हलक्या हाताने, नाना सांगतील तसं. डाळिंबी रंग परत आला. दाराजवळची एक कोयरी तेवढी कायमची फिकी राहिली. माझं काम राहिलं. आखाजीवर मात्र भाऊ काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आखाजी आठ दिवसांवर आली, तरी मी तोंड मिटून होते. एका सकाळी दुकानात पोचले तर अक्का तिथे हजर. भाऊंपुढे तिने आपली पिशवी उलटी करून झटकली. "दखा भाऊ, पापडखार नही, सोडा नही. फक्त फडकं शे."

तिने सगळं दुकान पुसलं. साध्या पाण्याने, पिळलेल्या फडक्याने. मग त्या फिक्या कोयरीवर बोटाने एक थेंब सोडला आणि हात मागे घेऊन उभी राहिली. भाऊ वाकले. थेंब गोल उभा होता. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पारोळ्याची गाडी कितीला आहे गं तुझी?"