भाऊजींचा गुडघा

पूल उतरून दोघं बाजाराच्या रस्त्याला लागली, तेव्हा भाऊजी तिसऱ्यांदा थांबले. आधी शिलाई मशीनच्या दुकानापुढे, मग चष्म्यांच्या, आणि आता चक्क बायकांच्या चपलांच्या काचेसमोर.

“भाऊजी, तुमच्या मापाची मिळेल का बघताय?” वहिनींनी विचारलं.

“तुमच्यासाठीच बघतोय हो. कधीपासून तीच एक घासताय.”

दीर फौजेतून घरी येऊन बरीच वर्षं झाली होती. नात्यात सगळे त्यांना ‘कडक’ म्हणत. त्यांना दुकानं न्याहाळायचा हा नाद कधी लागला, याचंच वहिनींना नवल वाटलं. पेन्शनच्या कचेरीतून अपिलाच्या फेरतपासणीची तारीख घेऊन दोघं परत निघाली होती. मेडिकल बोर्डाने भाऊजींच्या उजव्या गुडघ्याला अपंगत्वाचे टक्के इतके कमी दिले होते, की लष्करी दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं नाव नव्हतं. अपील फेटाळलं की विषयच संपला.

वहिनींनी चपला सोडून दिराकडे नीट पाहिलं. एक हात काचेखालच्या कठड्यावर गच्च, उजवा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला, कपाळावर घाम.

“दुखतोय ना?”

“नाही!” ताठ उत्तर आलं. मग स्वतःच ओशाळून हसले. “बघा, हे असं होतं.”

“कसं?”

“बोर्डात डॉक्टर म्हणाले, बसा खाली. बसलो. म्हणाले, उठा. ताडकन उठलो. दुखतंय का? ‘नाही सर!’ तोंडातून कधी गेलं ते कळलंच नाही. बाहेर येऊन बेसिन धरलं, तर डोळ्यांपुढे काजवे.”

वहिनींना हसू आवरेना. “अहो, मग ते टक्के कशाला देतील? शाबासकीच देणार!”

“ट्रकवरून उडी मारताना पाय मुरगळला ना, त्या दिवशीही ‘ठीक आहे’ म्हणून चालत राहिलो. हुकूम आला की गुडघा माझा राहतच नाही, वहिनी.”

जेवणं झाली तरी सगळे उठून जाईपर्यंत भाऊजी पाटावरच पेपर धरून का बसतात, ते वहिनींना आत्ता उमगलं. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला दिसलं नाही! त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

भाऊजींचा हात अजून कठड्यावरच होता.

“एक कराल? तारखेला माझ्यासोबत आत या. मी ‘नाही सर’ म्हणालो, की मला तिथल्या तिथे खोटं पाडा. डॉक्टरांदेखत.”