गनिमाच्या फौजेतली माणसं

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मात कुणाला माफ केलं नाही. इतर माणसं राग आला तर तोंडावर बोलून मोकळी होतात, नाहीतर कोर्टाची पायरी चढतात. साडू बारामतीच्या गुळाच्या पेठेत तोलार होते, दिवसभर काट्याशी. भांडायला त्यांना वेळ नसे. ते कालव्यातली चिकणमाती आणून मळायचे, ज्याचा राग आला त्या माणसाचा बोटाच्या पेराएवढा शिपाई करायचे आणि दिवाळीच्या किल्ल्यासमोर गनिमाच्या फौजेत उभा करायचे. किल्ला हा पोरांचा खेळ, पण त्यांना पोरबाळ नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी त्याला हात लावू दिला नसता. दसऱ्यापासून ओटीवर बसून, खारीच्या शेपटीच्या दोन केसांचा कुंचला करून, ते एकेकाच्या भुवया, मिशा, कानामागचे तीळ रंगवत. ज्वारीच्या दाण्याएवढ्या तोंडात दोन डोळे, आणि त्या डोळ्यांत ज्याचा त्याचा भाव! नरकचतुर्दशीला अंघोळ आटोपली की अर्धी आळी फराळाच्या आधी त्यांच्या अंगणात येई, यंदा आपण कुठल्या बाजूला आहोत ते बघायला.

कोटाची कॉलर बिघडवली म्हणून आळीतला शिंपी गळ्यातल्या टेपसकट गनिमाकडे गेला. मी एकदा, ते मावळ्यांच्या कमरपट्ट्यांबद्दल सांगत असताना, जांभई दिली. पुढच्या दिवाळीला मी गनिमाचे उंट राखत होतो, आ वासून, आणि वासलेल्या तोंडात माझ्या पुढच्या पडलेल्या दाताची फटही दाखवली होती. आमच्या सासूबाईंनी त्यांच्या घरच्या पुरणाला नावं ठेवली, तेव्हा त्यांना गनिमाच्या हत्तीवर माहूत म्हणून बसवलं. पण त्या बाईला त्यातलं काही कळलंच नाही. "जावायानं हत्तीवर बशीवलं मला," असं त्या गावभर सांगत सुटल्या, आणि साडूंची ती दिवाळी कडू झाली. "चूक दाखवा, फराळाचं ताट तुमचं," असं ते प्रत्येकाला बजावत. चूक कुणालाही सापडत नसे.

गनिमाचा सरदार मात्र दर वर्षी एकच: साडूंचे सख्खे थोरले भाऊ, आबा. ते इंदापूरकडे गावी शेती करत. वाटणीत आबांनी एक खोंड आपल्याकडे ठेवला, आणि तो साडूंनी वासरापासून वाढवलेला होता. साडू त्याच दिवशी अंगावरच्या कपड्यांनिशी बारामतीला आले. खोंड म्हातारा होऊन मेला, राग काही म्हातारा होईना. घरात आबांचं नाव काढायची सोय नव्हती. सरदाराची कापलेली भुवई आणि पिळदार मिशी तेवढी दर दिवाळीला ताज्या रंगात उजळून निघे.

एका दिवाळीत पाडव्याला आबा स्वतःच आले. इंदापूरच्या एस.टी.तून उतरून, काठी टेकत. साडू खाली मान घालून एका मावळ्याच्या पट्ट्याला पिवळी रेघ ओढत होते, मी शेजारी बसलो होतो. साडूंनी आवाज ओळखला, पण मान वर केली नाही.

"किल्ला बेस झालाय," आबा म्हणाले. "मी कुठं हाय ह्यात?"

साडूंनी कुंचला पुन्हा पिवळ्या रंगात बुडवला, तेव्हा मीच बोट दाखवलं. आबा कष्टानं खाली बसले, तोंड अगदी जवळ नेलं.

"व्हय, मीच की. पर माझा एक डोळा गेला रं औंदा. तू दोनी काढलंस." मग म्हणाले, "आता मला किल्ल्यात घे. लई वरसं गनिमाकडनं उभा हाय. पाय दुखाय लागलं."

साडूंची रेघ तसूभर हलली नाही.

"फौज लावून झालीया. फुडल्या दिवाळीला बगू."

आबांनी चहा घेतला, भावजयीला आशीर्वाद दिला आणि दुपारच्या गाडीनं गेले. होळीच्या आधी ते वारले. निरोप उशिरा आला. साडू गावी पोहोचले तेव्हा राखही निवली होती. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. मेल्यावर रडायला सगळ्यांनाच जमतं, आणि ते तर रडलेही नाहीत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी सहज त्यांच्याकडे गेलो. ओटीवर एकच शिपाई होता, किल्ल्याच्या आत उभा करण्यासाठी भगव्या पागोट्यात केलेला. भुवई कापलेली, मिशी पांढरी. सगळं रंगवून झालं होतं, डोळ्यांची जागा कोरी होती. कुंचल्यावरचं काजळ वाळून गेलं होतं.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "कुठला गेलाता वो डोळा? डावा का उजवा?"

अख्ख्या पेठेचे तीळ पाठ असलेला हा माणूस! हातभर अंतरावर सख्खा भाऊ बसला होता आणि यानं वर बघितलं नव्हतं. चांगलं तोडून बोलावं असं माझ्या मनात आलं, पण ते वाळलेला कुंचला पाण्यात भिजवून तयार धरून बसले होते.

"डावा," मी म्हणालो.

"तुमाला दिसला," साडू म्हणाले, आणि कुंचला खाली ठेवून त्या इवल्याशा तोंडाकडे बघत बसले.