लिंबावरचं पांढरं धोतर

गोदावरीतल्या एका बेटावर माझी मावशी दिली होती. कॉलेजला सुट्टी लागली की मी नगरहून एसटीनं निघायचे आणि शेवटी गूळ शिजवायच्या जुन्या काहिलीत बसून पलीकडे जायचे. तिथं नाव म्हणून तीच. मोजकी घरं, आणि कुणाच्या चुलीवर काय रटरटतंय ते सगळ्यांना ठाऊक.

बेटाच्या मागच्या अंगाला उन्हाळ्यात गुडघाभर धार राही. धारेपलीकडच्या वाळूत मावशीची टरबुजांची वाडी होती आणि तिची सासू ती राखायची. म्हातारी ठार बहिरी, समोरच्याच्या ओठांवरून तेवढं समजायची. म्हणून भाकरी झाली की मावशी दारातल्या लिंबाला बांधलेल्या उंच बांबूवर लाल लुगडं चढवायची. पांढरं धोतर चढलं तर घरातलं माणूस गेलं, हातातलं टाकून या, अशी बेटाची रीत होती.

दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात एकदा सकाळीच दोघींचं वाजलं. कशावरून, तर कालवणातल्या मिठावरून! तुझ्या हातचं खाणार नाही म्हणत म्हातारी उपाशीच वाडीत गेली. मावशीचे यजमान, म्हणजे काका, काहील घेऊन बाजाराला गेले होते, बाकीची गडीमाणसं कामावर.

मी मागच्या धारेवर धुणं धूत होते. बघता बघता माझा धुण्याचा दगड बुडाला. ओरडत वर आले तर बायका हसायला लागल्या. आभाळ कोरडं ठणठणीत, पाणी नितळ. पूर कधी नितळ येतो का, नगरच्या पोरीला पाण्यातलं काय कळतंय! माझं डोकंच फिरलं. वर कुठंतरी धरणाचं पाणी सोडलं होतं, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. तसलं पाणी बेटानं तोवर पाहिलं नव्हतं.

मावशीनं मात्र येऊन बघितलं आणि पळत जाऊन लाल लुगडं चढवलं. म्हातारीनं ते पाहिलं आणि सरळ पाठ फिरवली. मावशीनं बांबू गदागदा हलवला. म्हातारी चोरून घराकडे बघायची, पण जागची हलायची नाही. पाणी मांडीला लागेल इतकं चढलं, आणि ओढ अशी की कुणी उतरायला धजेना. मला रडूही येत होतं आणि रागही. अगं म्हातारे, मिठापायी मरतेस का!

मावशी घरात गेली आणि काकांचं धोतर घेऊन आली. शेजारीण आडवी आली. नवरा जिता असताना हे करू नको, म्हणून तिनं मावशीचा हात धरला. मावशीनं तो सोडवून घेतला आणि धोतर बांबूवर चढवलं.

म्हातारी उठली. खुरपं टाकून धावत सुटली. मधल्या धारेत छातीभर पाण्यात दोनदा कोलमडली. आम्ही बायकांनी एकमेकींचे हात धरून तिला ओढून काढलं.

"माझा ल्योक कुठाय?"

मावशीनं तिचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं. "ल्योक बाजारात हाय. तुमीच चालला हुता, आत्याबाई."

म्हातारीनं मागं वळून पाहिलं. वाडी कुठं होती तेही कळत नव्हतं.

"ते धोतर उतरव आदी," ती म्हणाली. "आन वाढ मला."