लाल दोऱ्याची खुर्ची

माझ्या मावशीने इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. वाफेच्या रुळातून चादर बाहेर आली की दोन बायकांनी चार कोपरे धरायचे, चादर उजेडाकडे करून बघायची आणि मगच घडी घालायची. कुठे शिवण उसवलेली दिसली की मावशी खिशातून लाल दोरा काढायची, त्या जागी गाठ मारायची आणि चादर शिवणखात्याकडे परत पाठवायची. लाल दोऱ्याची चादर पलंगावर जाणार नाही म्हणजे नाही, मग वरून मोठ्या डॉक्टरांचा फोन येवो नाहीतर आणखी कुणाचा. "आजारी माणूस उसवलेल्यावर झोपणार नाही," एवढंच तिचं उत्तर. तिथल्या बायका पाठीमागे तिला 'लालदोरा' म्हणायच्या. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरीही तेच. मी नवा कोट घालून गेले की आधी त्याचं अस्तर उलटं करून बघणार, मग म्हणणार, "ये, बैस." माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याच्या शर्टाची कॉलर बघून मला आत बोलावून म्हणाली, "माणूस बरा दिसतो, पण शिंपी बदलायला सांग."

तिच्या पगारातून दर महिन्याला प्राप्तिकर कापला जायचा. त्यावर तिची कुरकुर मी कधी ऐकली नाही. "रस्ते काय आभाळातून पडतात?" म्हणायची. वर्षाच्या शेवटी कर कापल्याचा कागद मिळाला की चादरीसारख्या तीन घड्या घालून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. निवृत्त झाली तेव्हा डब्यात असे एकतीस कागद होते आणि बँकेत पोटाला चिमटा काढून जमवलेली थोडी पुंजी होती.

त्या पुंजीचं काय करायचं हे तिने ठरवण्याआधीच ठरून गेलं. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या पाट्या त्यांच्याच हातच्या. त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते आतल्या खोलीत पलंगावर पडले ते चौदा महिने. समोर नुसती भिंत. जीभ जड झाली होती, पण 'बाहेर' हा एक शब्द स्पष्ट यायचा, आणि दिवसातून दहादा यायचा. चाकाची खुर्ची आणावी, तर त्या खोलीचं दार इतकं अरुंद की दुकानातली एकही खुर्ची त्यातून जाईना. शेवटी मावशीने दाराचं माप देऊन अरुंद खुर्ची बनवायला टाकली. भाडं आणि औषधं बाजूला ठेवून जे उरत होतं, ते खुर्चीला जेमतेम पुरत होतं.

त्याच सुमाराला सरकारने जाहीर केलं की येत्या पहिल्या तारखेपासून प्राप्तिकर कायमचा बंद. त्याच्या जागी देशभर एकच विक्रीकर. नवीन जे काही विकत घ्याल, त्यावर शंभराला पंचवीस. मी विम्याच्या कचेरीत काम करते. आमच्याकडे त्या दिवशी टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. संध्याकाळी तडक मावशीकडे गेले आणि दारातूनच ओरडले, "मावशी, आता पगार अख्खा हातात!"

"तुझा," मावशी म्हणाली. "माझा पगार कधीच संपला."

मी हसले. आता ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

खुर्ची आली ती बरोबर नव्या कराच्या आदल्या दिवशी. दुकानदार स्वतः टेम्पोतून घेऊन आला होता आणि घाईत होता, कारण उद्यापासून महाग म्हणून सगळं गाव त्याच्या दुकानात लोटलं होतं. मावशीने पैसे दिले, पावती घेतली आणि सवयीने बैठक उलटी केली. डाव्या कडेची शिवण चार बोटं सुटलेली.

"ही परत न्या," मावशी म्हणाली.

"अहो मावशी, खाली कोण बघतंय?"

"मी बघतेय."

तिने लाल दोरा काढला, सुटलेल्या जागी गाठ मारली. दुकानदाराने पावती रद्द केली, पैसे परत दिले, आठ दिवसांत त्याच भावात दुसरी देतो म्हणाला आणि खुर्ची टेम्पोत टाकून गेला. मी तिथेच उभी होते. विम्याच्या कचेरीत दिवसभर तारखा बघणारी बाई मी, पण उद्या कुठली तारीख आहे हे माझ्या टाळक्यात आलं नाही. आतून काका "बाहेर, बाहेर" करत होते आणि मावशी त्यांना सांगत होती, "आठच दिवस थांबा."

आठ दिवसांनी फोन आला. दुसरी खुर्ची तयार, शिवण पक्की, भाव तोच. वर शंभराला पंचवीस. जेमतेम पुरणारे पैसे आता चांगलेच कमी पडत होते. मी म्हटलं, "मावशी, वरचे मी देते. माझा पगार वाढलाच आहे."

"तू देशील गं. पण ज्या बाईला भाची नाही तिने काय करायचं?" असं म्हणून तिने पत्र्याचा डबा पिशवीत टाकला. "चल, साहेबाला विचारू."

कर कचेरीतला साहेब सज्जन होता. जाड चष्मा, आवाज मऊ. अशा माणसावर ओरडताही येत नाही, आणि मला तर ओरडायचंच होतं. त्याने मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरोघर वाटलेली नव्या कराची पुस्तिका पुढे धरली. म्हणाला, "जेवणाखाण्यावरचा कर सरकार दर महिन्याला परत देणार आहे."

"खुर्ची खायची नाही, साहेब. बसायची आहे."

"मग वापरलेली घ्या ना. वापरलेल्या वस्तूवर कर नाही. एका वस्तूवर दोनदा कर घेणं अन्याय होईल, म्हणून सूट आहे."

मावशीने डबा उघडला. एकतीस कागद, एकतिसांच्या तीन-तीन घड्या. तिने ते एकेक करून टेबलावर मांडले, सगळ्या कडा जुळवून. मागची रांग चुळबुळायला लागली. मावशीला घाई नव्हती.

"माझ्या पैशावर पण एकदा कर बसलाय. हा बघा पुरावा. कमावताना दिला, आता खर्चताना परत द्यायचा. वस्तूला दोनदा नको म्हणता, मग माणसाला का?"

"मावशी, तो कायदा गेला."

"कायदा गेला. त्याने नेलेले पैसे परत आले का?"

साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या मनात मात्र आग आग होत होती. ज्यांची कमाई अजून पुढे आहे, त्यांना सूट. ज्यांनी आयुष्यभर मुकाट्याने भरलं आणि आता नुसतं खर्चायचंच उरलं, त्यांच्या मानेवर दुसऱ्यांदा सुरी. फायदा माझ्यासारख्यांचा, आणि टाळ्याही आमच्याच!

"तुमच्या मापाची वापरलेली बघा कुठे मिळाली तर," साहेब हळूच म्हणाला.

"त्या दारातून जाईल अशी वापरलेली..." मावशी बोलता बोलता थांबली. कागद गोळा करता करता तिने विचारलं, "एकदा विकली, घरी पोचली, आणि परत दुकानात आली. ती नवी की वापरलेली?"

साहेबाने पुस्तिका चाळली. "एकदा पावती फाटली ना? मग नंतर रद्द झाली तरी वापरलेली."

दुकानात ती कोपऱ्यात उभी होती, रिकाम्या खोक्यांच्या मागे. लाल दोरा तसाच. शेजारीच दुसरी, पक्क्या शिवणीची, करासकट. मावशीने दोन्ही उलट्या करून बघितल्या. पक्क्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "चांगलं काम केलंय." मग कोपऱ्यातली बाहेर ओढली.

"मावशी, हिची शिवण..." दुकानदार ओशाळून म्हणाला.

"माहीत आहे. दोरा मीच बांधलाय."

घरी आल्यावर तिने दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन ती चार बोटं शिवली. कापडच काठाला कमी कापलेलं होतं, त्यामुळे टाके धरत होते पण ओढ बसत होती. दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवलं. मी शेजारी बसून दिवा धरला होता.

"एकतीस वर्षं परक्या माणसांना उसवलेल्यावर झोपू दिलं नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "आणि घरच्याला बसवतेय." मावशीच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

खुर्ची दारातून अंगाला अंग घासून गेली, पण गेली. काका उंबरठ्याबाहेर आले. समोरच्या चपलांच्या दुकानावर त्यांचीच पाटी होती. ती वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

मी कात्री घेतली आणि बैठकीखाली अजून लटकणारा लाल दोरा कापला. मावशीने तो माझ्या हातातून काढून घेतला. नव्या कराची पुस्तिका उघडली, जिथे शंभराला पंचवीस लिहिलं होतं तिथे पानाला दाभणाने भोक पाडलं आणि दोरा ओवून गाठ मारली. मग पुस्तिकेची घडी घालून माझ्या हातात दिली.

"उद्या साहेबाला दे. म्हणावं, शिवणखात्याकडे परत पाठवा."

"आणि त्यांनी नाही पाठवली तर?"

"तर तू परत जा," मावशी म्हणाली. "तुझा पगार वाढलाय ना?"